पदर पेटतो म्हणून

जुन्या, हाताने शिवलेल्या ॲप्रनांचं हल्ली फार कौतुक ऐकू येतं. खोटं कशाला बोलू, मलाही ते आवडतात. १९३० च्या मंदीत अमेरिकेतल्या बायका पिठाच्या सुती पोत्यांतून ॲप्रन शिवत. पोतं पाहून बायका माल निवडतात, हे ओळखून गिरणीवाले पोत्यांवर फुलं छापत. मग आपल्या आज्यांनी असा ॲप्रन का शिवला नाही?

कारण पदर होता. हात पुसायला पदर, गरम पातेलं उतरवायला पदर, पैसे बांधायला पदर आणि सासरे समोर आले की डोक्यावर घ्यायलाही तोच. कामाचं आणि मर्यादेचं कापड एकच! आईच्या पदरावर भरभरून लिहिणाऱ्यांना तो चुलीवर, स्टोव्हवर पेटतो हे दिसत नाही. सुती लुगडी जाऊन नायलॉनच्या साड्या आल्या, त्या तर वितळून अंगाला चिकटतात.

मैत्रिणींनो, सुनेला जाळून 'स्टोव्ह भडकला, पदर पेटला' असं सांगितलं की भागत असे, हे आपण विसरलेलो नाही. त्या मरणांविरुद्ध बायका रस्त्यावर उतरल्या, तेव्हा १९८३ साली ४९८ अ आणि १९८६ साली ३०४ ब ही कलमं आली. २०२४ पासून त्या तरतुदी भारतीय न्याय संहितेत आहेत. पण ती सबब इतकी खपली कशी? पदर खरोखरच पेटतो म्हणून.

माहुलच्या कोळीवाड्यात गेले की जुन्या कोळणींचं नेसणं मी पाहत राहते. कासोटा घट्ट, लुगडं गुडघ्यापर्यंत आणि खांद्यावरची फडकी वेगळी. काम असलं की ती बाजूला ठेवता येते. मासळीची पाटी उचलणारीच्या अंगावर लोंबणारं काही नको, एवढं साधं शहाणपण त्यात आहे. आपण पांढरपेशा बायकांनी मात्र सुटणारा पदर सावरण्यात जन्म घालवला.

आमच्या गटात एकीने विचारलं, ॲप्रन शिवून आपण बाईला पुन्हा चुलीलाच बांधतो आहोत का? सवाल रास्त आहे. पण घरकाम वाटलं जाईल तेव्हा जाईल, तोवर कुणी भाजायचं?

जुन्या सुती लुगड्यांचे दुहेरी ॲप्रन आम्ही शिवायला घेतले आहेत. लांबी गुडघ्यापर्यंत, दोन खिसे, मागे एका झटक्यात सुटणारी सरकगाठ. पदर खोचून त्यावरून बांधायचा. मापं नवऱ्यांची आणि मुलग्यांचीही घेतली आहेत.