सिगार ‘फक्त चाखला’ तर चालतो का? नवा कर, प्रीमियम सिगार आणि आपलं तोंड

१ फेब्रुवारी २०२६ पासून देशात तंबाखूवरचा कर बदलला. जीएसटी परिषदेने ३ सप्टेंबर २०२५ च्या बैठकीत ठरवल्याप्रमाणे सिगारेट, सिगार, चिरूट आणि खायच्या तंबाखूवर आता ४० टक्के जीएसटी लागतो. उत्पादन शुल्क वेगळं. विडीवरचा जीएसटी मात्र २८ वरून १८ टक्क्यांवर आणला गेला. त्यामुळे सिगार म्हणजे श्रीमंतांचा शौक, त्याच्याशी आपला काय संबंध, असं रत्नागिरीतल्या वाचकाला वाटेल. संबंध आहे, आणि तो करापेक्षा मोठा आहे.

रत्नागिरीत सिगार बहुधा दुकानातून येत नाही, बॅगेतून येतो. आपल्या जिल्ह्यातली कितीतरी माणसं आखाती देशांत नोकरीला आहेत, कितीतरी जण जहाजावर आहेत. २०१६ च्या बॅगेज नियमांनुसार परदेशातून येणाऱ्या प्रवाशाला २५ सिगारपर्यंत सवलत होती. सुट्टीवर आलेला भाऊ किंवा जावई एक छानशी लाकडी पेटी आणतो, चार मित्र गच्चीवर जमतात, आणि कुणीतरी समजावून सांगतं, “सिगार सिगारेटसारखा ओढायचा नसतो. धूर छातीत घ्यायचा नाही, तोंडात घोळवायचा आणि सोडून द्यायचा. नुसती चव घ्यायची.” मग साहजिकच प्रश्न येतो की धूर फुप्फुसात गेलाच नाही, तर नुकसान कसलं?

या प्रश्नाचं उत्तर समजलं तर सिगारच नव्हे, विडी आणि मशेरीबद्दलचेही अनेक गैरसमज दूर होतात.

चाखणारे नेमकं काय करतात?

सिगारचे जाणकार वाइनसारखं त्याचं परीक्षण करतात. न पेटवता एक झुरका घेऊन पानाचा वास पाहायचा, मग पेटवून साधारण मिनिटाला एक झुरका घ्यायचा, धूर काही सेकंद तोंडात धरायचा आणि थोडा धूर नाकावाटे बाहेर सोडायचा. मग ‘लाकडासारखा’, ‘कोकोसारखा’, ‘चामड्यासारखा’, ‘मिरीसारखा’ अशी वर्णनं करायची. १९९२ मध्ये अमेरिकेत सुरू झालेल्या ‘सिगार अफिसिओनादो’ या मासिकाने सिगारला १०० पैकी गुण देण्याची पद्धत लोकप्रिय केली.

शरीरशास्त्राच्या दृष्टीने यात काय होतं ते पाहू.

जीभ गोड, आंबट, खारट, कडू आणि उमामी या पाचच चवी ओळखते. लाकूड, कोको, चामडं हे सगळं नाक ओळखतं. म्हणून तर धूर नाकावाटे सोडायला सांगतात. ‘मिरीसारखी’ म्हणून जी चव नावाजली जाते ती खरं तर चव नाहीच. ती नाकाच्या आणि तोंडाच्या आतल्या त्वचेची जळजळ आहे. चेहऱ्याच्या ट्रायजेमिनल नावाच्या नसेमार्फत शरीर सांगत असतं की इथे काहीतरी बोचतंय. ‘हा सिगार स्ट्राँग आहे’ असं म्हणतात तेव्हा मुख्यतः निकोटिनचं मोजमाप चाललेलं असतं. नवख्याला घाम येणं, मळमळणं, गरगरणं हा निकोटिनचा डोस जास्त झाल्याचा परिणाम असतो.

आणखी एक गोष्ट. नियमित पाइप किंवा सिगार ओढणाऱ्यांची टाळू कधी कधी पांढरट, जाडसर होते आणि तिच्यावर बारीक लाल ठिपके दिसतात. दंतवैद्यकात याला ‘निकोटिन स्टोमॅटायटिस’ म्हणतात. धुराच्या उष्णतेने आणि रसायनांनी टाळूवरच्या लाळग्रंथींची तोंडं सुजल्याची ती खूण असते. ज्या टाळूच्या भरवशावर गुण द्यायचे, तीच अशी बदलत जाते.

धूर आत न घेता निकोटिन रक्तात जातं कसं?

सिगारेटचा धूर किंचित आम्लधर्मी असतो. त्यातलं निकोटिन तोंडातून फारसं शोषलं जात नाही, म्हणून सिगारेट ओढणारा धूर छातीत ओढतो. सिगारची पानं वेगळ्या पद्धतीने तयार होतात. ती हवेवर सुकवतात, मग ढीग रचून महिनोन्‌महिने आंबवतात. त्यात पानातली साखर संपते आणि धूर अल्कधर्मी होतो. अशा धुरातलं निकोटिन गालाच्या आणि जिभेखालच्या पातळ त्वचेतून सरळ रक्तात जातं. म्हणजे सिगार छातीत ओढावा लागत नाही तो त्याच्या सौम्यपणामुळे नव्हे. त्याचं काम तोंडातच होतं म्हणून.

आंबवण्याच्या याच प्रक्रियेत चव तयार होते आणि त्याच प्रक्रियेत नायट्रोसामाइन नावाची कर्करोगकारक रसायनंही वाढतात. दोन्ही वेगळे काढता येत नाहीत.

प्रमाणही लक्षात घ्या. एका सिगारेटमध्ये १ ग्रॅमपेक्षा कमी तंबाखू असते. मोठ्या सिगारमध्ये ५ ते २० ग्रॅम असू शकते, म्हणजे काही वेळा सिगारेटच्या अख्ख्या पाकिटाइतकी. तो संपायला तास-दीड तास लागतो. तेवढा वेळ तोंडाची आतली त्वचा धुरात असते, आणि लाळेत विरघळलेला धूर गिळलाही जातो. सोबत दारू असेल तर तोंड, घसा आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका नुसता बेरजेने वाढत नाही, दोन्ही मिळून तो कितीतरी पट होतो. खोलीत बसलेली बाकीची माणसंही तेवढा वेळ तो धूर श्वासात घेत असतात.

तंबाखू जिथे टेकते, तिथे आजार

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९९८ मध्ये सिगारवर एक मोठा अहवाल काढला. त्याचा निष्कर्ष असा की धूर आत न घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका सिगारेटच्या तुलनेत कमी असतो. पण रोज सिगार ओढणाऱ्यांमध्ये तोंड, स्वरयंत्र आणि अन्ननलिकेच्या कर्करोगाचा धोका सिगारेट ओढणाऱ्यांच्या जवळपास असतो. पूर्वी सिगारेट ओढणारा माणूस सिगारकडे वळला तर सवयीने धूर छातीतही घेतो, आणि मग तो थोडा फायदाही उरत नाही.

मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड सिगारचे भोक्ते होते. १९२३ मध्ये त्यांना तोंडाचा कर्करोग झाल्याचं निदान झालं. १९३९ मध्ये मृत्यू होईपर्यंत त्यांच्यावर ३० हून अधिक शस्त्रक्रिया झाल्या.

आपल्या किनाऱ्यावरचं उदाहरण याहून स्पष्ट आहे. गोव्यात ‘धुमटी’ आणि आंध्रच्या किनारपट्टीवर ‘चुट्टा’ नावाचे हाताने वळलेले चिरूट ओढतात. काही जण, विशेषतः स्त्रिया, पेटलेलं टोक तोंडात धरून ओढतात. टाळूचा कर्करोग एरवी कमी दिसतो. मात्र अशा पद्धतीने ओढणाऱ्यांमध्ये तो ठळकपणे आढळला, आणि भारतीय दंतसंशोधकांनी १९६० च्या दशकापासून त्याची नोंद केली आहे. उलट तंबाखूची गोळी गालात धरणाऱ्यांना आजार गाल आणि हिरडीच्या मधल्या खाचेत होतो.

आता मशेरीकडे पाहा. तंबाखू तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, तिची पूड करायची आणि बोटाने दात-हिरड्यांना लावायची. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या बायका हे करत आल्या आहेत. विचारलं तर उत्तर येतं, “मी तंबाखू खात नाही हो, फक्त मशेरी लावते.” गच्चीवरचा सिगारवाला म्हणतो, “मी धूर आत घेत नाही, फक्त चाखतो.” दोघांचं म्हणणं एकच आहे आणि दोघांची चूकही एकच. तंबाखू गिळली नाही किंवा छातीत ओढली नाही तरी ती हिरडीला, गालाला, टाळूला लागलेलीच असते.

‘प्रीमियम’ म्हणजे कमी घातक का?

हाताने वळलेला, अख्ख्या पानाचा, बाहेरून सुगंध न मिसळलेला सिगार ‘प्रीमियम’ समजला जातो. तो ‘नैसर्गिक’ म्हणून सुरक्षित, असा दावा ऐकू येतो. अमेरिकेत यावर मोठा वाद झाला. तिथल्या अन्न व औषध प्रशासनाने २०१६ मध्ये सगळे सिगार आपल्या नियमांखाली आणले. ऑगस्ट २०२३ मध्ये न्यायालयाने प्रीमियम सिगारपुरते ते नियम रद्द केले. दरम्यान २०२२ मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने प्रीमियम सिगारवर स्वतंत्र अहवाल दिला.

तो अहवाल नीट वाचायला हवा, कारण दोन्ही बाजू त्याचा आधार घेतात. प्रीमियम सिगार ओढणारे बहुतेक लोक तो कधीतरीच ओढतात, म्हणून त्यांचा एकूण धोका रोज ओढणाऱ्यांपेक्षा कमी असतो, हे खरं. पण हा फरक किती वेळा आणि किती ओढला याचा आहे. महाग सिगारचा धूर स्वस्त सिगारच्या धुरापेक्षा कमी विषारी मानायला आधार नाही. वर्षातून एकदा ओढणारा आणि आठवड्यातून चारदा ओढणारा यांच्यात मोठं अंतर आहे, पण निकोटिनमुळे ते अंतर हळूहळू कमी होत जातं.

४० टक्के आणि १८ टक्के: करातून काय समजावं?

कर वाढला की तंबाखूचा वापर घटतो, विशेषतः तरुणांमध्ये आणि कमी उत्पन्नाच्या लोकांमध्ये. म्हणून सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने ४० टक्क्यांचा निर्णय योग्य दिशेचा आहे. विडीचा कर कमी करण्यामागे विडी वळणाऱ्या कामगारांचा आणि तेंदूपत्ता गोळा करणाऱ्यांचा रोजगार हे कारण आहे. ते कारण खोटं नाही. पण ग्राहकाने त्याचा अर्थ ‘विडी सौम्य’ असा घेऊ नये. तेंदूच्या पानातून हवा कमी जाते, विडी विझू नये म्हणून जास्त वेळा आणि जोरात ओढावी लागते, आणि तिचा धोका सिगारेटपेक्षा कमी नाही.

२०१६-१७ च्या प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात १५ वर्षांवरील २६.६ टक्के लोक कोणत्या ना कोणत्या रूपात तंबाखू वापरत होते. धूम्रपान करणारे ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे आपली खरी लढाई मशेरी, तंबाखू-चुना आणि गुटखा यांच्याशी आहे. गुटख्यावर राज्यात २०१२ पासून बंदी आहे. घरी तव्यावर भाजलेल्या मशेरीला मात्र पाकीट नाही आणि त्यावर छापलेली सूचनाही नाही.

पेटीतून काढून दिलेल्या सुट्या सिगारचंही तसंच होतं. पाकिटाच्या ८५ टक्के भागावर आरोग्याची सूचना २०१६ पासून सक्तीची आहे आणि महाराष्ट्रात सप्टेंबर २०२० पासून सुटी सिगारेट व विडी विकायला बंदी आहे. यामागे हेच कारण आहे: सुटं घेतलं की सूचना दिसत नाही.

तुमच्या घरात काय करता येईल?

महिन्यातून एकदा उजेडात, आरशासमोर तोंड उघडून पाहा. गाल, हिरड्या, जिभेच्या कडा, जिभेखालची जागा आणि टाळू तपासा. घरात मशेरी लावणारी आई, आजी किंवा काकू असेल तर तिचंही तोंड पाहा. पुढीलपैकी काही दिसलं तर डॉक्टरांना किंवा दंतवैद्यांना दाखवा:

- दोन आठवड्यांत भरून न आलेली जखम किंवा तोंड आलेलं असणं
- पुसून न जाणारा पांढरा किंवा लाल चट्टा
- तीन बोटं उभी जाण्याइतकं तोंड न उघडणं, तिखट न सोसणं
- कारण नसताना हलणारा दात
- तीन आठवड्यांहून अधिक काळ घोगरा आवाज किंवा गिळताना त्रास
- मानेत गाठ

दुखत नाही म्हणून थांबू नका. सुरुवातीचा कर्करोग बहुतेक वेळा दुखत नाही, आणि त्याच टप्प्यावर उपचार सोपे असतात. तपासणी जवळच्या सरकारी रुग्णालयात किंवा दंतवैद्यांकडे होऊ शकते. पुढच्या उपचारांसाठी मुंबई गाठण्याआधी चिपळूण तालुक्यातल्या डेरवणच्या वालावलकर रुग्णालयातही कर्करोग विभाग आहे.

सोडायचं असेल तर १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्विटलाइनवर मोफत सल्ला मिळतो. सिगारेट सोडणाऱ्यांमध्ये तोंड-घशाच्या कर्करोगाचा वाढीव धोका ५ ते १० वर्षांत साधारण निम्म्यावर येतो. म्हणजे पन्नाशीत सोडली तरी उपयोग आहे.

पुढच्या सुट्टीत ती लाकडी पेटी घरी आली आणि “नुसता चाखून बघ” असं कुणी म्हणालं, तर नाही म्हणायला संकोच करू नका. आणि तुम्ही स्वतः बरेच दिवस चाखत आला असाल, तर आधी एकदा तोंड तपासून घ्या.