वडीलधाऱ्यांची संमति

वृद्ध मंडळींकरितां मुलांनीं हौसेनें आणलेलीं नवीं यंत्रें थोड्याच दिवसांत कपाटांत पडून राहतात, अशी तक्रार हल्लीं पुष्कळ घरांतून ऐकूं येते. पडल्यास इशारा देणारें मनगटी घड्याळ, रक्तदाबाची नोंद परगांवच्या मुलाकडे परस्पर धाडणारें उपकरण, खोलींत बसविलेला कॅमेरा, हीं त्यांपैकीं प्रमुख होत. ‘म्हाताऱ्या माणसांना नवें कांहीं नकोच असतें,’ असा निष्कर्ष मग सहज काढला जातो. तो आम्हांस मान्य नाहीं.

निवृत्तिवेतनाचेंच उदाहरण घ्यावें. हयातीच्या दाखल्याकरितां दर नोव्हेंबरांत वृद्धांस बँकेंत जातीनें हजर व्हावें लागे. १० नोव्हेंबर २०१४ रोजीं केंद्र सरकारनें ‘जीवन प्रमाण’ योजना सुरू केली, आणि बोटांचा ठसा किंवा डोळ्याचें बुबुळ यांवरून संगणकाद्वारें दाखला देण्याची सोय झाली. परंतु उतारवयांत बोटांवरील रेषा झिजतात व यंत्रास ठसा ओळखतां येत नाहीं. नोव्हेंबर २०२१ पासून मोबाइलसमोर चेहरा धरून दाखला देण्याचीही सोय झाली. ज्यांस जिना उतरणें कठीण, असे आजोबाही ही रीत नातवाकडून शिकून घेतात. कारण तींत त्यांची खेप वांचते, आणि त्यांच्या हातचें कांहीं जात नाहीं.

यंत्र उपयोगी आहे काय आणि वापरण्यास सोपें आहे काय, या दोन विचारांवर मनुष्य तें स्वीकारतो, असें फ्रेड डेव्हिस या अमेरिकन संशोधकानें १९८९ सालीं मांडलें. वृद्धांच्या मनांत तिसराही प्रश्न असतो: यानें आम्हांस मोकळीक मिळेल, कीं आमच्यावर पहारा बसेल? जन्मभर मर्यादेनें वावरलेल्या सासूबाईंस निजण्याच्या खोलींतील कॅमेरा नकोसा वाटला, तर त्यास हट्ट म्हणणें अन्यायाचें होईल.

मुलगा व सून दोघेंही कचेरींत असतां घरीं एकटें माणूस पडून राहील, ही धास्तीही खोटी नव्हे. म्हणूनच संमतीस महत्त्व आहे. कांहीं घड्याळें अशीं आहेत कीं, पडलेला मनुष्य सुमारें मिनिटभर हालला नाहीं, तर तीं आपण होऊन मदतीस फोन लावतात. परंतु मन मानत नसेल तर तें स्नानाच्या व पूजेच्या वेळीं उतरवून ठेवलें जातें, आणि ओल्या न्हाणीघरांत, जेथें त्याची खरी गरज, तेथें हात रिकामा राहतो.

सबब आमची सूचना अशी कीं, यंत्र विकत घेण्यापूर्वींच मामंजी-सासूबाईंशीं बोलावें. नोंदी कोण पाहील, इशारा आल्यास प्रथम कोण धांवेल, हें त्यांच्यासमक्ष ठरवावें. यंत्र बंद करण्याची रीत त्यांस प्रथम शिकवावी. घड्याळ पाण्यांत चालणारें घ्यावें, व रात्रीं न काढतां दुपारीं सर्व मंडळी घरांत असतां चार्जिंगला लावावें. इतकें करूनही त्यांनीं नको म्हटलें, तर निदान न्हाणीघरांत धरावयास भक्कम दांडी बसवावी, आणि दुपारीं एक फोन नेमानें करावा.