रुग्णाचे गुपित दवाखान्याच्या काउंटरवर

सायंकाळची ओपीडी सुरू असते. बाकांवर पंधरा-वीस रुग्ण दाटीवाटीने बसलेले असतात आणि खिडकीतून कंपाउंडर रुग्णाचे नाव पुकारतो. पाठोपाठ कोणत्या तपासणीचा रिपोर्ट आला आहे, तेही मोठ्याने सांगतो. बसलेल्यांपैकी दोघे-तिघे त्याच आळीतले असतात. यात कोणाचाही दुष्ट हेतू नसतो. म्हणूनच बहुधा त्याची तक्रारही होत नाही.

रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे बंधन डॉक्टरांवर जुनेच आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेत त्याला तीनच अपवाद आहेत : न्यायालयाचा आदेश, विशिष्ट व्यक्तीला वा समाजाला असलेला गंभीर धोका आणि शासनाला कळविणे सक्तीचे असलेले आजार. मात्र ही आचारसंहिता नोंदणीकृत डॉक्टरांपुरती आहे. केसपेपर काढणारी मुलगी, कंपाउंडर, लॅबचा निरोप्या यांचे नाव कोणत्याही वैद्यक परिषदेच्या नोंदवहीत नसते. महाराष्ट्रात २०२१च्या शुश्रूषागृह नोंदणी नियमांनी रुग्ण हक्कांची सनद आणली, पण खाटा नसलेला दवाखाना त्या कक्षेबाहेरच राहिला.

गुपित फुटण्याची किंमत काय असते, हे सर्वोच्च न्यायालयासमोर १९९८ मध्ये आलेल्या 'एक्स' प्रकरणात दिसले होते. रुग्णालयाकडून एचआयव्ही बाधेची माहिती बाहेर गेली, ठरलेला विवाह मोडला आणि समाजाने वाळीत टाकल्याने त्या व्यक्तीला राहते शहर सोडावे लागले. नियोजित वधूच्या आरोग्याचा हक्क वरचढ ठरवून न्यायालयाने रुग्णालयाला दोषमुक्त केले. तो निष्कर्ष समजण्यासारखा आहे. परंतु वधूला कळणे आणि साऱ्या गावाला कळणे यांत फरक आहे. हा फरक २०१७च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ओळखला. जोडीदाराला धोका असल्यास डॉक्टर वा समुपदेशक त्याला सांगू शकतो, पण तसे करणार असल्याची कल्पना आधी रुग्णाला द्यावी लागते. विश्वासाने कळलेली माहिती संमतीविना उघड करण्यास हा कायदा केवळ डॉक्टरांना नव्हे, तर कोणालाही मनाई करतो. तरीही जवळचे एआरटी केंद्र टाळून दूरच्या जिल्ह्यात औषध घ्यायला जाणारे रुग्ण आहेत. एसटीचे भाडे आणि बुडालेला रोज त्यांना परवडत नाही. ओळखीचा माणूस रांगेत दिसणे त्याहून परवडत नाही.

गर्भपाताबाबत कायदा याहून कठोर आहे. २०२१च्या दुरुस्तीने स्त्रीचे नाव अनधिकृत व्यक्तीस उघड करणाऱ्या डॉक्टरला एक वर्षापर्यंत कारावासाची तरतूद केली. प्रत्यक्षात तपासणीच्या खोलीत सासू शेजारच्या खुर्चीवर बसलेली असते. डॉक्टरांचा प्रश्न सुनेला आणि उत्तर सासूचे, हा प्रकार कोणत्या कलमात बसवणार?

शासनाचे वर्तनही फारसे वेगळे नव्हते. मार्च २०२० मध्ये राज्यात गृह विलगीकरणातील व्यक्तींच्या हातावर शिक्के मारले गेले, देशात अनेक ठिकाणी घरांवर फलक लागले. सक्षम अधिकाऱ्याच्या विशिष्ट निर्देशाशिवाय असे फलक लावू नयेत, असे सर्वोच्च न्यायालयाला डिसेंबर २०२० मध्ये सांगावे लागले. तोवर फलकाचे काम शेजाऱ्यांनी पूर्ण केले होते.

आता भिस्त २०२३च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यावर आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने व्हायची आहे. पण नावातच 'डिजिटल' असलेला हा कायदा कागदी केसपेपरला हात लावत नाही. शिवाय २०११च्या नियमांत आरोग्यविषयक माहितीला 'संवेदनशील' असा वेगळा दर्जा होता. नव्या कायद्यात तसा वर्गच नाही. रुग्णाचा एक्स-रे आणि किराणा दुकानातील त्याचे बिल यांना कायदा एकाच मापाने मोजतो.

दरम्यान, रिपोर्ट व्हॉट्सअ‍ॅपवर जाऊ लागले आहेत. केसपेपरवर लिहिलेला क्रमांक अनेकदा पतीचा किंवा मुलाचा असतो. रिपोर्ट नेमका कोणाला पाठवायचा, हे रुग्णाला विचारायला अर्धे मिनिट लागते. नावाऐवजी टोकन क्रमांक पुकारणे, रिपोर्ट बंद पाकिटात देणे, नातेवाइकांना पाच मिनिटे बाहेर बसवणे, यांसाठीही कोणत्या अधिसूचनेची वाट पाहावी लागत नाही. काही डॉक्टर हे आजही करतात. त्यांच्याकडची बाके मात्र तेवढीच भरलेली असतात.