झडतीच्या वेळी पंच कोण होणार?

पोलीस झडतीला आले की आपल्या मोहल्ल्यात दोन गोष्टी घडतात. ज्याच्या दारात ते उभे, त्याचे हातपाय गळतात. आणि शेजारची दारं पटापट लागतात.

हिंगोलीत काही वर्षांपूर्वी माझ्या दोन घरं पलीकडे झडती झाली. पंच म्हणून मला बोलावणं आलं. मी पेपर तपासत होतो, मुलाला म्हणालो, "सांग, अब्बू घरी नाहीत." मग बाहेरचे पंच आले. पंचनामा मराठीत, चाचांचं शिक्षण सगळं उर्दूत. काय लिहिलंय ते न कळताच त्यांनी सही केली.

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १०५ नुसार झडती, जप्ती, यादी आणि पंचांच्या सह्या या सगळ्याचं व्हिडिओ चित्रीकरण करावंच लागतं, आणि ते विलंब न लावता मॅजिस्ट्रेटकडे पाठवावं लागतं. बदल चांगला आहे. पण त्या चित्रीकरणाची प्रत घरच्यांना द्या, असं हे कलम म्हणत नाही. घरच्यांच्या हाती येते ती कलम १०३ ची यादी, पंचांच्या सहीची. ती मागून घ्या, तो हक्क आहे. झडतीच्या वेळी हजर राहण्याचाही हक्क आहे. बाईची झडती बाईच घेणार. पोलिसांनी वॉरंटशिवाय झडती घेतली, तर त्यांनी आधी लिहून ठेवलेली कारणं ४८ तासांत मॅजिस्ट्रेटकडे जायला हवीत. अर्ज केला की त्यांची प्रत तिथून मोफत मिळते.

एवढं असूनही एक मेख आहे. झडतीत नियम मोडला म्हणून सापडलेली वस्तू पुराव्यातून आपोआप बाद होत नाही. सुप्रीम कोर्टाची ही भूमिका जुनीच आहे. अशा वेळी कोर्ट पुरावा अधिक बारकाईने तपासतं, इतकंच. म्हणजे नियम पाळला की नाही, हे पाहिलेला माणूस लागतो. तो माणूस पंच.

कायदा आधी त्याच वस्तीतले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित रहिवासी मागतो. तिथे कुणी मिळालं नाही किंवा तयार झालं नाही, तरच दुसऱ्या वस्तीतले चालतात. आपण दार लावतो तेव्हा बाहेरच्या पंचाला वाट आपणच करून देतो.

"कोर्टाच्या चकरा कोण मारणार?" हे मी स्टाफरूममध्ये शंभरदा ऐकलंय. पण कोर्टाने खास समन्स काढल्याशिवाय झडतीच्या पंचाला साक्षीला जावं लागत नाही, हे त्याच कलमात आहे. उलट लेखी आदेश देऊन बोलावलं आणि सबळ कारण नसताना नकार दिला, तर तोच गुन्हा ठरतो. हे मात्र स्टाफरूममध्ये कुणालाच माहीत नव्हतं, मलाही नाही.

पंच झालात तर यादी घरच्यांना त्यांच्या बोलीत मोठ्याने वाचून दाखवा. कुठली वस्तू कुठे सापडली, ते लिहिलंय का पाहा. कोऱ्या कागदावर सही करू नका.