नाव टाकले, नोंद टाकू नका

दिग्रस तालुक्यातील बौद्ध बंधु-भगिनींनो,

सप्टेंबर २०२३ मध्ये वीसाहून कमी पटाच्या शाळांऐवजी समूहशाळा उभारण्याचे प्रस्ताव शासनाने मागविले. उद्या तुमच्या वस्तीच्या शाळेवर असा प्रसंग आला, तर तुम्ही अर्ज घेऊन जाल. "शाळा दूर गेली की मुलींचे शिक्षण सुटते, हे कशावरून?" असा प्रश्न साहेब विचारतील. त्या वेळी तुमच्या हाती काय असेल? संताप असेल, पुरावा असेल काय?

बाबासाहेब रिकाम्या हाताने कधी गेले नाहीत. १९२८ साली सायमन कमिशनपुढे बहिष्कृत हितकारिणी सभेतर्फे त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणाविषयी जे निवेदन ठेविले, त्याचा आधार सरकारचेच जुने अहवाल होते. १८५६ साली धारवाडच्या सरकारी शाळेने एका महार मुलाला दार बंद केले, ही हकिकत त्यांनी सरकारच्याच दप्तरातून काढून सरकारपुढे मांडली.

आज तसे एक दप्तर तुमच्यासाठी खुले आहे. गांधीनगरच्या 'इन्फ्लिबनेट' केंद्राच्या 'शोधगंगा' या संग्रहात भारतीय विद्यापीठांतील लाखो प्रबंध आहेत. हाताच्या मोबाइलवर ते उघडतात. फी नाही, शिफारस नाही, जात विचारणारा द्वारपाल नाही. "हे प्राध्यापकांचे काम," असे म्हणणाऱ्यांना विचारा : शाळा प्राध्यापकांच्या मुलांची बंद होणार आहे की आपल्या?

मात्र शोधावे कसे, हे नीट समजून घ्या. केवळ 'बौद्ध' हा शब्द घालाल, तर लेणी आणि तत्त्वज्ञान यांवरील ग्रंथच पुढे येतील. तुमच्या मुलीच्या शाळेचा पत्ता लागणार नाही. 'नवबौद्ध' घाला, 'अनुसूचित जाती' घाला. जुन्या काळासाठी 'डिप्रेस्ड क्लासेस' आणि 'महार' हेही घाला. सोबत 'शाळागळती', 'वसतिगृह', 'शिष्यवृत्ती', 'यवतमाळ' असे शब्द जोडा. पुष्कळ नोंदी इंग्रजीत असतात, म्हणून हेच शब्द इंग्रजीतही घालून पाहा.

येथे काही बांधव रागावतील. "जे नाव आम्ही नागपुरात टाकले, ते पुन्हा आमच्याच हाताने लिहावयाचे काय?" हा राग मला समजतो. पण बंधूंनो, ते नाव आपण स्वतःला लावीत नाही. ज्यांनी ते आपल्याला लाविले, त्यांच्या नोंदवहीची ती किल्ली आहे. १९५६ साली आपण धम्म स्वीकारला; केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत बौद्धांना स्थान मिळाले १९९० साली. त्या चौतीस वर्षांत आपली लेकरे कोठे, कोणत्या नावाखाली मोजली गेली, हे किल्ली फेकून देऊन कसे कळणार?

आणि सापडले म्हणून मान डोलवू नका. ग्रंथात आहे एवढ्यावरून काही स्वीकारू नये, हे भगवंतांनी कालामांना सांगितले आहे. प्रबंधकर्त्याने किती मुले पाहिली, कोणत्या गावची, कोणत्या वर्षी, आणि आईबापांना विचारले की केवळ शिक्षकांना, हे तपासा. तपासून खरे ठरेल तेच अर्जाला जोडा.

येत्या रविवारी वंदना झाल्यावर विहारात दोन शिकलेली मुले-मुली बसवा आणि आपल्या शाळेविषयी एकच प्रश्न शोधावयास द्या. तसबिरीला हार घालणे सोपे आहे. त्या तसबिरीतील पुरुषाप्रमाणे पुरावा हाती घेऊन उभे राहणे, हीच खरी वंदना होय.

जय भीम.