परवान्याची घाई आणि स्वाक्षरीचा भार

नवी मुंबईच्या विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि त्याच वर्षाच्या अखेरीस तेथून प्रवासी विमाने उडू लागली. त्याच ऑक्टोबरच्या १७ तारखेला नाशिकजवळच्या ओझर येथे, हिंदुस्थान एरोनॉटिक्सच्या कारखान्यात तयार झालेल्या पहिल्या ‘तेजस मार्क-१ए’ विमानाने आकाशात झेप घेतली. या दोन ठिकाणांच्या मधल्या पट्ट्यात, कसाऱ्याच्या लोहमार्गावर, शहापूर तालुक्यातील आटगाव वसले आहे. अशा गावातील बारावी विज्ञान उत्तीर्ण झालेल्या मुलाने वा मुलीने विमान देखभाल अभियंता होण्याची आकांक्षा धरावी, यात नवल ते काय? उलट, ज्या तालुक्यातील तानसा-भातसाचे पाणी मुंबई पिते, त्या तालुक्याच्या तरुणांनी मुंबईत केवळ पहारेकऱ्याची आणि हमालीची कामेच करावीत, असा काही विधिलिखित नियम नाही.

परंतु या आकांक्षेचा एक सोपा पर्याय बाजारात मांडला जातो. त्याचे नाव झटपट अभ्यासक्रम. काही आठवड्यांत सारे विषय, हजारो संभाव्य प्रश्न, त्यांची तयार उत्तरे आणि पुढे परवाना, असे त्याचे गणित असते. पालकांनी पैसे भरण्यापूर्वी हे गणित स्वतः मांडून पाहावयास हवे.

विमान देखभालीचा परवाना नागरी विमान वाहतूक महासंचालनालय देते. ‘सीएआर-६६’ या नियमावलीनुसार त्याच्या लेखी परीक्षेत दहाहून अधिक विषयखंड येतात. विद्युत, इलेक्ट्रॉनिकी, धातू व सुटे भाग, वायुगतिकी, टर्बाइन इंजिन, मानवी घटक, विमान कायदा अशी ही यादी असून प्रत्येक खंडात ७५ टक्के गुण मिळवावे लागतात. मात्र लेखी परीक्षा हा परवान्याचा केवळ अर्धा भाग आहे. उरलेला अर्धा भाग म्हणजे चालत्या विमानांवरील प्रत्यक्ष कामाचा अनुभव. यांत्रिकी आणि एव्हिऑनिक्स या मुख्य वर्गांसाठी ‘सीएआर-१४७’ मान्यताप्राप्त संस्थेतील अभ्यासक्रम पूर्ण केलेल्यास दोन वर्षांचा, तर कोणतेही तांत्रिक शिक्षण नसलेल्यास पाच वर्षांचा अनुभव दाखवावा लागतो. त्यानंतरही, मोठ्या प्रवासी विमानांसाठी त्या त्या जातीच्या विमानाचे स्वतंत्र प्रशिक्षण उरतेच. हा काळ कोणताही वर्ग कमी करू शकत नाही.

मग झटपट अभ्यासक्रम सर्वथा निरुपयोगी आहेत काय? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. अमेरिकेत विमान यांत्रिकाच्या परीक्षेसाठी असे वर्ग चालतात. पण तेथेही विमानाचा सांगाडा व इंजिन या दोन्ही शाखांच्या परीक्षेस अनुभवाच्या बळावर बसणाऱ्याला ३० महिन्यांचे काम दाखवावे लागते आणि लेखी परीक्षेनंतर तोंडी व प्रात्यक्षिक कसोटी द्यावी लागते. सैन्यदलात वर्षानुवर्षे विमाने हाताळलेल्या तंत्रज्ञाला आपल्या ज्ञानाची उजळणी करावयाची असते. त्याच्यासाठी असा वर्ग उपयुक्त ठरतो. आपल्याकडेही वायुसेनेतून निवृत्त झालेल्या तंत्रज्ञास वा मान्यताप्राप्त संस्थेत शिकणाऱ्या विद्यार्थ्यास त्याचा लाभ होईल. जे आहे त्याला धार लावता येते. जे मुळात नाही त्याला धार कोठून लावणार?

या क्षेत्रात घाईची किंमत काय असते, हे १० जून १९९० रोजी जगाने पाहिले. बर्मिंगहॅमहून मालागाला निघालेल्या ब्रिटिश एअरवेजच्या विमानाची पुढची काच सुमारे १७ हजार फुटांवर निखळली आणि वैमानिक अर्धा बाहेर ओढला गेला. सहकाऱ्यांनी त्याला धरून ठेवले, सहवैमानिकाने विमान साउदॅम्प्टनला उतरविले, म्हणून सर्वांचे प्राण वाचले. चौकशीत आढळले, की नव्याने बसविलेल्या ९० बोल्टांपैकी ८४ ठरलेल्यापेक्षा कमी व्यासाचे होते आणि उरलेले सहा आखूड होते. ते बसविणारा मनुष्य नवखा नव्हता. अनुभवी, परवानाधारक होता. रात्रपाळी, अपुरे मनुष्यबळ आणि कामाचा ताण यांत त्याने सुट्या भागांची सूची पाहण्याऐवजी जुना बोल्ट नव्याशी नजरेने जुळविला. अनुभवी हातांचीही जेथे अशी चूक होते, तेथे पाठ केलेल्या उत्तरांवर उभ्या असलेल्या स्वाक्षरीचा भरवसा कोणी धरावा? देखभाल अभियंता कागदावर सही करतो, तेव्हा त्या विमानात बसणाऱ्या प्रत्येकाचे आयुष्य तो आपल्या शब्दावर तोलून धरतो.

झटपट वर्गाकडे ओढा का निर्माण होतो, याचाही विचार व्हावा. ग्रामीण विद्यार्थ्याची अडचण बुद्धीची नसून भाषेची आणि पायाची असते. मराठी माध्यमातून शिकलेल्याला दाब, प्रवाह, विद्युतरोध या संकल्पना ठाऊक असतात. इंग्रजी प्रश्नात त्याच संकल्पना त्याला अनोळखी वाटतात. मग समजून घेण्यापेक्षा पाठांतर सोपे भासते. या दुखण्यावरचा उपाय अकरावीपासूनच सुरू करावा लागेल. आटगाव, आसनगाव, खर्डी अशा गावी आठवड्यातून दोन दिवस भौतिकशास्त्र, गणित आणि तांत्रिक इंग्रजी शिकविणारी अभ्यासिका चालविणे कार्यकर्त्यांना अवघड नाही. निवृत्त शिक्षक, अभियंते, वायुसैनिक समाजात आहेतच. त्यांना साद घालावयाची आहे. आदिवासी पाड्यांवरील मुलांपर्यंत ही अभ्यासिका पोहोचली, तर तिचे मोल आणखी वाढेल.

पालकांनी शुल्क भरण्यापूर्वी तीन प्रश्न अवश्य विचारावेत. संस्थेस महासंचालनालयाची मान्यता आहे काय, आणि ती कोणत्या वर्गाची? प्रत्यक्ष विमानावरील अनुभव कोठे आणि किती काळ मिळेल? परवाना मिळेपर्यंतची वर्षे धरून एकूण खर्च किती? मान्यतेची खातरजमा संस्थेच्या माहितीपत्रकावरून न करता महासंचालनालयाच्या यादीवरून करावी. शेतीचा तुकडा गहाण ठेवून शिक्षण देणाऱ्या घराला हे विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि उत्तर टाळणाऱ्या संस्थेचा उंबरठा पुन्हा न ओलांडण्याचाही. देशाला विमाने दुरुस्त करणारे कुशल हात हवे आहेत, आणि ते शहापूरच्या मातीतून निश्चित घडतील. मात्र त्यांना घडण्यासाठी लागणारी वर्षे घरानेही द्यावयास हवीत आणि समाजानेही.