किल्ली एकीच्या हाती, कायदा दुसऱ्याचा

काटकसरीचा उपदेश करणाऱ्यांचा आपल्या समाजात कधीही दुष्काळ पडलेला नाही. ज्ञातिसंमेलनाच्या व्यासपीठावरून, वर्धापनदिनाच्या समारंभातून, देवळाच्या सभामंडपात कीर्तनानंतर होणाऱ्या भाषणातून एक वाक्य हमखास कानी पडते : गृहिणीने मनावर घेतले तर महिन्याचा किराणा ठरल्या रकमेत बसलाच पाहिजे. वक्ता बहुधा पुरुष असतो, उपदेश स्त्रियांना उद्देशून असतो, आणि टाळ्या वाजविण्यात पुन्हा पुरुषच पुढे असतात. अंथरूण पाहून पाय पसरावे ही म्हण अशा वेळी न चुकता सांगितली जाते. अंथरूण कोणी घातले आणि पाय कोणाचे बाहेर गेले, हे दोन प्रश्न मात्र कोणी विचारीत नाही.

ते प्रश्न येथे विचारावयाचे आहेत. आमचे म्हणणे थोडक्यात असे : महिन्याच्या वाणसामानाचे अंदाजपत्रक मोडते ते गृहिणीला हिशेब येत नाही म्हणून नव्हे, किंवा तिचा हात सैल असतो म्हणूनही नव्हे. ज्याने ते ठरविले त्याच्यावर ते बंधनकारक नसते, आणि जिच्यावर बंधनकारक असते तिला ते ठरविताना कोणी विचारलेले नसते, म्हणून ते मोडते. दोघांच्या संमतीवाचून झालेल्या ठरावाला वकिलीच्या भाषेत करार म्हणत नाहीत. त्याला हुकूम म्हणतात. आणि स्वतः हुकूम देणाराच जो हुकूम पाळीत नाही, तो घरात टिकत नाही.

आमच्या मानपुरातील किंवा इंदुरातील कोणत्याही मध्यम घराचा महिना डोळ्यांसमोर आणावा. एक तारखेस घरधनी एक रक्कम हातावर ठेवतो. ती कशावरून ठरली? गेल्या महिन्यात जी दिली तीवरून. आणि गेल्या महिन्याची त्याच्या आधीच्या महिन्यावरून. तेलाचा भाव वाढला, डाळ कडाडली, मुलगा वयात येऊन दोन पोळ्या अधिक खाऊ लागला, यांपैकी कशाचीही दखल त्या रकमेने घेतलेली नसते. गृहिणी यादी करते, सियागंजातून एकदम सामान आणवून चार पैसे वाचविते, डबे भरते. मग सायंकाळी कचेरीतून परतताना घरधन्यास नमकीनच्या दुकानाचा मोह होतो. आठवड्यात दोनदा मित्र चहाला येतात, आणि इंदूरच्या रीतीप्रमाणे नुसता चहा पुढे करणे कमीपणाचे वाटते. एखाद्या रविवारी न विचारता चौघांना जेवणाचे आमंत्रण दिले जाते. पंचविसाव्या तारखेस तेलाची बरणी तळ दाखविते आणि खटला उभा राहतो. आरोपी कोण? जिने डबे भरले ती. फिर्यादी कोण? ज्याने ते रिकामे करविले तो. न्यायाधीशही तोच.

कोणीही स्वतःच्या दाव्यात न्यायाधीश होऊ नये, हे न्यायशास्त्राचे पहिले सूत्र आहे. तालुक्याच्या कोर्टात ते मोडले तर आपण अपील करू; स्वयंपाकघरात ते दर महिन्यास मोडते आणि त्याला आपण संसार म्हणतो. चोर सोडून संन्याशाला सुळी देण्याचा हा प्रकार आहे.

राज्याचे अंदाजपत्रक कसे चालते पाहा. आपल्या राज्यघटनेने खर्चाची मर्यादा घातली ती खर्च करणाऱ्या शासनावरच घातली. विनियोजनाचा कायदा झाल्यावाचून संचित निधीतून एक रुपयाही काढता येत नाही. मंजूर रक्कम अपुरी पडली तर अनुच्छेद ११५ प्रमाणे सभागृहापुढे पुरवणी मागणी आणावी लागते, कारण सांगावे लागते आणि मंजुरी घ्यावी लागते. कोठारपालाला बोलावून ‘कोठार रिकामे कसे झाले’ असे दरडावण्याची तजवीज घटनेत नाही. घरात मात्र नमकीनच्या पुड्याची पुरवणी मागणी कोणी मांडीत नाही. तो पुडा किराण्याच्या रकमेत मुकाट्याने जिरतो आणि महिनाअखेर गृहिणीच्या नावावर निघतो.

‘पुड्यांनी असा किती फरक पडतो?’ असे म्हणणाऱ्यांनी सरकारी पाहणीचे आकडे पाहावेत. घरगुती उपभोग खर्चाच्या २०२२-२३ च्या पाहणीप्रमाणे शहरी कुटुंबाच्या एकूण उपभोग खर्चापैकी पेये, फराळाचे जिन्नस आणि तयार खाद्यपदार्थ यांवर १०.६४ टक्के खर्च होतो. गहू, तांदूळ, ज्वारी आदी सर्व तृणधान्यांवर मिळून अवघा ३.६४ टक्के. खेड्यांत हेच प्रमाण ९.६२ आणि ४.९१ असे आहे. १९९९-२००० साली शहरात तृणधान्यांचा वाटा १२.३९ टक्के होता. म्हणजे वरणभाताने आणि पोळीने घर बुडण्याचे दिवस मागे पडले. आज खर्चाचा मोठा झरा यादीबाहेरच्या जिनसांतून वाहतो. गृहिणीने तांदळाची मूठ कितीही आखडती घेतली तरी तो झरा तिच्या मुठीत नाही. दात कोरून पोट भरत नाही, ते याचसाठी.

मग उपाय काय? तो शोधण्यासाठी परमुलखात जाण्याचे कारण नाही. मानपूरचा घाट उतरला की निमाड लागतो आणि पुढे नर्मदेच्या तीरावर महेश्वर. त्या महेश्वरीहून अहिल्याबाईंनी १७६७ ते १७९५ पर्यंत कारभार केला. काशीविश्वेश्वराचे आजचे मंदिर आणि भारतभर विखुरलेले घाट, धर्मशाळा, अन्नछत्रे यांसाठी आपण त्यांचे नाव घेतो. परंतु हा खर्च कोणत्या पैशातून झाला, याचा विचार फारसा होत नाही. होळकरांच्या कारभारात ‘दौलत’ आणि ‘खासगी’ असे दोन वेगळे हिशेब होते. १७३४ साली बाजीराव पेशव्यांनी मल्हारराव होळकरांच्या पत्नी गौतमाबाई यांच्या नावे खासगी जहागीर करून दिली. त्यांच्यामागून ती अहिल्याबाईंकडे आली. दौलतीचा पैसा फौजफाट्याला आणि राज्यकारभाराला. खासगीचा पैसा घरच्या स्त्रीच्या हुकमतीत. देवधर्माचा मोठा भार वाहिला तो या खासगीने.

या व्यवस्थेचे मर्म जहागिरीच्या आकारात नाही. रक्कम एकदा ठरली की ती कोणाच्या हुकमतीत आहे याविषयी संशय उरत नव्हता, हे तिचे मर्म. अहिल्याबाईंच्या चोख हिशेबाचे आपण कौतुक करतो. पण ज्या तिजोरीवर आपली हुकमत आहे, तिचाच हिशेब माणूस चोख ठेवतो. दुसऱ्याच्या मर्जीवर चालणाऱ्या पैशाचा हिशेब माणूस ठेवीत नाही, तो लपवितो. तांदळाच्या डब्यात, साडीच्या घडीत, देवघरातील कोनाड्यात आपल्या आया-आज्यांनी जे पैसे दडविले, ते अप्रामाणिकपणाने नव्हे. उघड ठेवले असते तर पुढच्या महिन्याची रक्कम तेवढ्याने कमी झाली असती, म्हणून. काटकसर करणारीला दंड आणि उधळणाऱ्याला माफी, अशा राज्यात शिल्लक दिसेल कशी?

ही शिल्लक कोणाची, हा प्रश्न न्यायालयांपुढेही आला आहे. इंग्लंडात १९४३ साली ब्लॅकवेल दाव्यात अपील न्यायालयाने असा निवाडा दिला, की पतीने घरखर्चासाठी दिलेल्या पैशांतून पत्नीने वाचवून सहकारी भांडारात ठेवलेली रक्कम पतीचीच. पोटाला चिमटा पत्नीने घ्यावा आणि शिल्लक पतीची ठरावी! तेथील संसदेस हा अन्याय दूर करण्यास २१ वर्षे लागली. १९६४ च्या कायद्याने, उलट ठराव नसेल तर अशी शिल्लक दोघांची समसमान ठरली. आपल्या गोमंतकीय वाचकांना १८६७ च्या पोर्तुगीज नागरी संहितेमुळे पती-पत्नीच्या समाईक मालमत्तेची कल्पना परकी नाही. उरलेल्या भारतात मात्र घरखर्चाच्या शिलकीविषयी असे स्पष्ट कलम नाही. २०१६ साली नोटा रद्द झाल्या तेव्हा डब्यांतले पैसे बँकेत आले आणि काही गृहिणींना करखात्याची विचारणा झाली. ग्वाल्हेरच्या एका गृहिणीच्या प्रकरणात आग्र्याच्या आयकर अपील न्यायाधिकरणाने २०२१ साली निर्णय दिला, की गृहिणींनी त्या काळात भरलेली अडीच लाखांपर्यंतची रक्कम त्यांचे अघोषित उत्पन्न मानता येणार नाही. घरखर्चातून वाचविणे हे खरेखुरे कर्तृत्व आहे, हे करखात्याच्या न्यायाधिकरणाने मानले. घराने अद्याप मानावयाचे आहे.

‘ती घरीच तर असते, कमावतो मी, म्हणून ठरविणार मी’ हा पहिला आक्षेप. त्यास उत्तर सर्वोच्च न्यायालयाने देऊन ठेविले आहे. जमशेदपूरच्या १९८९ च्या अग्निकांडातील नुकसानभरपाईच्या लता वाधवा प्रकरणात, २००१ साली, ३४ ते ५९ वयाच्या गृहिणीच्या सेवेचे मोल न्यायालयाने दरमहा ३,००० रुपये धरले. २०२१ च्या जानेवारीत पुन्हा एका अपघाताच्या दाव्यात न्यायालयाने गृहिणीच्या श्रमाला उत्पन्न मानण्याचे तत्त्व ठामपणे मांडले आणि २०१९ च्या वेळ-वापर पाहणीचा दाखला दिला : बिनपगारी घरकामात स्त्रीची रोजची सरासरी २९९ मिनिटे, पुरुषाची ९७. खेद एवढाच की हे मोल ठरविण्यासाठी प्रत्येक वेळी गृहिणीला मरावे लागले. जिचे मोल मृत्यूनंतर विमा कंपनीला द्यावे लागते, तिला जिवंतपणी एक तारखेच्या ठरावात मत असू नये, हा कुठला न्याय? घरात स्त्री कमावती असेल आणि डबे पुरुष भरीत असेल, तेथेही नियम हाच. आमचा वाद लिंगाशी नाही, अधिकाराशी आहे.

दुसरा आक्षेप भाविकांचा. घरात हिशेब आला की माया आटते, अतिथी हा देव, त्याच्या पानाचा जमाखर्च कसला, असे ते म्हणतात. त्यांना त्यांच्याच देवालयात घेऊन जावेसे वाटते. नैवेद्याच्या तांदळाचे माप ठरलेले असते, समईच्या तेलाचे माप ठरलेले असते. त्याने देवावरील भक्ती उणी झाल्याचे कोणी म्हटलेले नाही. गोव्यातील महाजनांच्या देवस्थानांना १९३३ च्या देवस्थान नियमाप्रमाणे अंदाजपत्रक मांडावे लागते. महाराष्ट्रातील देवस्थानांना १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याप्रमाणे हिशेब ठेवून तपासून घ्यावे लागतात. आणि पाहा, तेथे हिशेबाचा जाब कोणाला विचारतात? खर्च मंजूर करणाऱ्या विश्वस्तांना. नैवेद्य शिजविणाऱ्याला कोणी सभेपुढे उभे करीत नाही. देवाच्या कोठीला जो न्याय लागू, तो अन्नपूर्णेच्या कोठीला का नसावा? अतिथीचे स्वागत अवश्य करावे. आमंत्रण देणाऱ्याने त्याचा खर्च आपल्या नावावर लिहावा, एवढेच.

तिसरा आक्षेप भाववाढीचा. कांदा एका महिन्यात दुप्पट होतो, तेथे अंदाजपत्रक कसले? हा आक्षेप आमच्याच बाजूचा साक्षीदार आहे. भाव हलतात म्हणूनच दर महिन्यास नव्याने बसून ठरविले पाहिजे; गतसालच्या आकड्याला चिकटून राहणे ही शिस्त नव्हे, आळस आहे.

तेव्हा आमची मागणी चार कलमांची आहे. एक : महिन्याच्या आरंभी दोघांनी एकत्र बसून, मागील महिन्याचे प्रत्यक्ष भाव समोर ठेवून रक्कम ठरवावी. दोन : ती रक्कम ठरली की ती गृहिणीची खासगी, तीतून दुसऱ्याने उचल करू नये. तीन : यादीबाहेरचा प्रत्येक जिन्नस, मग तो मिठाईचा पुडा असो की चार पाहुण्यांचे जेवण, ज्याने आणला वा बोलाविले त्याच्या नावे वहीत पडावा. चार : महिनाअखेर वही दोघांनी वाचावी, शिल्लक उरली तर ती तिच्याकडे राहावी आणि तिच्या आधारावर पुढील महिन्याची रक्कम कापू नये. एवढे करून तीन महिन्यांत घर ठरल्या रकमेत बसले नाही, तर रक्कमच अपुरी आहे असे समजावे आणि उपदेशाऐवजी ती वाढवावी. वाढविणे शक्यच नसेल तर काय सोडावयाचे हेही दोघांनी मिळून ठरवावे.

हे सारे घरगुती खेळ वाटत असतील त्यांनी कुटुंब न्यायालयाच्या दारात एक दिवस उभे राहावे. २०२० साली रजनेश विरुद्ध नेहा या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने आज्ञा केली, की पोटगीच्या प्रत्येक दाव्यात दोन्ही पक्षांनी उत्पन्नाचे, मालमत्तेचे आणि मासिक खर्चाचे प्रतिज्ञापत्र द्यावे. तेथे घरखर्च, भाडे, औषधपाणी सारे शपथेवर लिहावे लागते. कित्येक जोडपी आपल्या संसाराचा खर्च आयुष्यात प्रथमच कागदावर मांडतात ती तेथे, दोन वेगळ्या वकिलांकडून, एकमेकांविरुद्ध. तोच कागद घरातल्या ओट्याशी, एकाच वहीत, वकिलाच्या फीवाचून लिहिता येतो. मुद्रांक लागत नाही. साक्षीला घरचे देव पुरेत.